ड्यूटीवर घड्याळ काढून ठेवा

मी तासगाव तालुक्यातल्या एका 33/11 केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहे. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या पाळ्या. दर तासाला प्रत्येक फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून बाहेर वीज नेणाऱ्या लाइनचे अँपिअर, बसबारचं (सगळे फीडर जिथून निघतात त्या पट्टीचं) व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायचं आणि लॉगशीटला चढवायचं. फीडर ट्रिप झाला की लाइनमनला उठवायचं. निम्मं आयुष्य मीटरकडे बघण्यात गेल्यामुळे मोजणारं कुठलंही यंत्र हातात आलं की पहिला प्रश्न हाच पडतो: हे नक्की मोजतंय काय आणि कशावरून काढतंय काय? झोप मोजणाऱ्या घड्याळाबाबत या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात डोक्याला तारा लावून झोपून आलो, त्याची ही हकिगत.

घड्याळ पुतण्याचं. तो हिंजवडीला आयटीत आहे. त्यानं नवीन अंगठी घेतली, झोप मोजणारी, म्हणून जुनं घड्याळ माझ्याकडे आलं. "काका, तुमच्या पाळ्यांचं शरीरावर काय होतंय ते तरी कळेल," असं म्हणाला. त्याचं स्वतःचं प्रकरण वेगळं आहे. सकाळी उठून तो आधी अंगठीचा स्कोअर बघतो आणि मग ठरवतो, आपल्याला बरं वाटतंय का नाही ते. दिवाळीला आला होता तेव्हा मस्त उठला, पहिल्या अंघोळीला सगळ्यांच्या आधी तयार, उटणं लावून घेतलं, आणि मग मोबाईल बघून म्हणतो, "आज रिकव्हरी खराब आहे." दिवसभर तोंड पाडून बसला. या दुखण्याला डॉक्टरांनी नावही दिलंय, ऑर्थोसोम्निया. 2017 साली अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी अशा पेशंटांबद्दल लिहिलं. आकडा चांगला यावा म्हणून लवकर जाऊन पडणारे, जास्त वेळ लोळणारे आणि त्यापायीच झोप आणखी बिघडवून घेणारे. लॅबमध्ये झोप ठीक निघाली तरी त्यांचा विश्वास घड्याळावरच.

तर घड्याळ बांधलं. सुरुवातच अशी की ॲप उघडायला मोबाईल नंबर, ईमेल, जन्मतारीख, वजन, उंची, आणि वर लोकेशन. मी झोपणार घरी, माझ्याच खाटेवर. त्याला लोकेशन कशाला? नाही म्हटलं तर ॲप पुढे सरकेना. ब्लूटूथनं घड्याळ शोधायला काही फोनांत लोकेशनची परवानगी लागते, असं पुतण्यानं फोनवर समजावलं. 2023 साली आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा झाला, संमतीशिवाय माहिती घेऊ नये वगैरे त्यात लिहिलंय. पण संमती म्हणजे काय, तर इंग्रजीत पानंच्या पानं आणि खाली एक हिरवं बटण. मी दाबलं. तुम्हीही दाबलं असणार.

भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही. आमच्या हिला 'डीप', 'लाइट', 'आरईएम' समजावून सांगताना माझीच फे फे उडाली. 'आरईएम' म्हणजे डोळे बंद असताना बुबुळं भराभर फिरतात ती झोप, स्वप्नांची. 1953 साली शिकागोत ती पहिल्यांदा नोंदवली गेली. एवढं सांगितल्यावर ती म्हणाली, "आणि घड्याळ मनगटावर बांधून डोळ्यातली बुबुळं दिसतात होय?"

प्रश्न बिनतोड होता. मी शोधत बसलो. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके. आत एक हालचाल ओळखणारी चिप. बस. झोपेसाठी ही दोन रीडिंगं. हात किती वेळ हलला नाही, ठोके किती संथ झाले, दोन ठोक्यांतलं अंतर कसं बदललं, यावरून बाकी सगळा हिशोब. झोप मोजलेली नसतेच, काढलेली असते. तसं आमच्या पॅनेलवरचा मीटर तरी लाइनचा सगळा करंट कुठे बघतो? सीटीतून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमधून, पाच अँपिअरवर आणलेला करंट बघतो आणि गुणोत्तरानं आकडा दाखवतो. पण ते गुणोत्तर प्लेटवर छापलेलं असतं आणि टेस्टिंगवाले येऊन तपासतात. घड्याळाचं गुणोत्तर कंपनीच्या सर्व्हरमध्ये. अपडेट आलं की कालची झोप आणि आजची झोप वेगवेगळ्या गजानं मोजली गेली, हेही कळायचं नाही.

पहिली रात्रपाळी आली आणि गंमत सुरू झाली. मी सकाळी घरी येऊन, चहा-अंघोळ उरकून नऊला झोपायचो ते दोनपर्यंत. घड्याळाच्या लेखी मी झोपलोच नाही. त्याची रात्र म्हणजे रात्रच. दुपारची झोप असली तर ती 'नॅप'. पाच तास पडलो तरी नॅप! वर संध्याकाळी सल्ला: "झोपण्याची वेळ नियमित ठेवा." अहो, ठेवतो की, तुम्ही साहेबांशी बोला.

त्यात फोनची बॅटरी वाचवायची सोय आपोआप चालू व्हायची आणि ॲप बंद पडायचं. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं उठलं, म्हणून पट्टा सैल केला, तर ठोकेच गायब. यार्डात, उघड्यावरच्या तारा-ट्रान्सफॉर्मरकडे, जाताना अंगावर धातू नको म्हणून घड्याळ काढायचं, ते टेबलावर तसंच राहायचं. आणि चार्जिंग? माणसाचा फोन रात्री झोपताना चार्ज होतो, आणि हे नेमकं झोपतानाच हातात हवं. घेतलेली घड्याळं लोक महिन्या-दोन महिन्यांत कपाटात का टाकतात, हे सांगायला तज्ज्ञ नको.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. एका रात्री साडेतीनच्या सुमाराला मी खुर्चीत टेकून बसलो होतो. लोड कमी होता, शेतीचा फीडर बंद व्हायला वेळ होता. सकाळी पाळीचा चार्ज घ्यायला सहकारी आला, तेव्हा ॲप उघडंच होतं. त्यानं वाचलं: 3.22 ते 4.01, लाइट स्लीप. मी जागा होतो. चारचं रीडिंग माझ्याच अक्षरात आहे, वेळेवर. पण हात मांडीवर स्थिर, ठोके संथ, घड्याळानं झोप मांडली. ही या यंत्रांची जुनी खोड आहे: झोपलेला माणूस ती बरोबर ओळखतात, गप्प पडून जागा असलेला माणूस ओळखता येत नाही.

सहकाऱ्याचा चेहरा उतरला. "राव, तू स्वतःचा पंचनामा स्वतःच मनगटावर घेऊन फिरतोयस. उद्या यार्डात काही अपघात झाला, चौकशी लागली, तर तुझ्या लॉगशीटला कोण विचारणार? हेच साक्षीला उभं राहणार."

ही गोष्ट तासाभरात सगळ्या ग्रुपला कळली. तिथून पुढे मी काय ऐकलं! एक जण म्हणाला, आता वरिष्ठ असलीच घड्याळं सगळ्यांना देतील, बायोमेट्रिक हजेरी आली तशी. एक आउटसोर्सिंगचा मुलगा गप्पच बसला. मग बाजूला येऊन म्हणाला, "सर, माझं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं असतं. मला झोपेचा काही आजार आहे हे कागदावर यायला नको." युनियनचे जुने पदाधिकारी आहेत, त्यांनी निकालच दिला: ड्यूटीवर घड्याळ काढून ठेवा. मला हे म्हणणं आजही चूक वाटत नाही. झोपेचा डेटा हा आयटीतल्या पोरासाठी आरोग्याचा असेल, पहाऱ्यावरच्या माणसासाठी तो शिस्तभंगाचा असतो. वॉचमन, ड्रायव्हर, नर्स, कुणालाही विचारा.

शेतकऱ्यांचं मत तर आणखी सरळ. शेतीपंपांना चक्राकार वेळापत्रकानं काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री-फेज मिळतो. रात्रीची पाळी असली की द्राक्षबागवाले फीडर कधी चालू होतोय विचारायला फोन करतात, एखादा गाडी काढून उपकेंद्रावरच येतो. असाच एक जण घड्याळ बघून म्हणाला, "झोप मोजाय मिशन लागतंय व्हय? आमची झोप तुमच्या त्या हँडलावर हाय. तुम्ही वर केलं की आम्ही उठलो." मी हसलो, पण रात्री दोनला फीडर चालू करताना त्या एका बटणामागे किती माणसं पायात चप्पल घालतात, हे नंतर बरेच दिवस डोक्यात राहिलं.

घरी मत असं होतं की घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय. आमच्या वडिलांचं घोरणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं आणि ते सगळे कौतुकानं सांगत. हिचं तसं नव्हतं. ती म्हणायची, "अहो, तुमचं घोरणं मधेच थांबतं. श्वास कोंडतो, मग हाबकल्यासारखं करून पुन्हा सुरू." घड्याळात रात्रीच्या ऑक्सिजनचा आलेख असतो. त्यात खालच्या बाजूला करवतीसारखे दात दिसायला लागले, मधेच 86, मधेच 84. मी तो तिला दाखवला आणि म्हटलं, डॉक्टरकडे जायला पाहिजे. ती म्हणाली, "मी सांगत होते त्याला चार्जिंग लागत नव्हतं, म्हणून किंमत नव्हती."

सांगलीतल्या चेस्ट फिजिशियननी आलेख बघितला, पण हातात घेतला नाही. चिडलेही नाहीत. म्हणाले, याच्यावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही आलात हा याचा फायदा. अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिनच्या अकादमीनं 2018 साली साधारण हेच म्हटलंय: अशी यंत्रं निदानाला किंवा उपचाराला वापरू नका, पण पेशंट घेऊन आला तर त्यावरून बोलणं सुरू करा. मनगटावरच्या ऑक्सिजनबद्दल डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं ते मला नवीन होतं. बोटाला लावायचा हॉस्पिटलातला ऑक्सिमीटरसुद्धा त्वचेच्या रंगानं फसू शकतो. 2020 साली अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असताना ऑक्सिमीटरनं तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटांपेक्षा काळ्या पेशंटांत जवळपास तिप्पट निघालं. मग आमच्या उन्हात रापलेल्या मनगटाचं हे स्वस्त घड्याळ काय सांगणार?

मग एक प्रश्नावली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी जेवून बसल्यावर, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसा झोप जास्त येते असं धरतात. तासगावात ट्रॅफिक बाजाराच्या दिवशीच, पण ते सोडा. मी पेन हातात घेऊन विचार करत होतो, 'कामावर शांत बसलेला असताना' असा प्रश्न असता तर मी खरं लिहिलं असतं का? डॉक्टरांनी मान मोजली, 42 सेंटिमीटर. चाळीसच्या वर मान, घोरणं, ब्लडप्रेशरची गोळी, वय पन्नाशीला टेकलेलं. "रात्रभर लॅबमध्ये झोपावं लागेल."

रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं यावर उपकेंद्रात चर्चासत्र झालं. 'झोपण्यासाठी रजा' हा विनोद सगळ्यांनी करून झाला. शेवटी 'वैद्यकीय तपासणी' लिहिलं. रात्रपाळीनंतर लगेच नको, दुपारपाळीच्या आठवड्यातली रात्र घ्या, असं लॅबवाल्यांनीच सांगितलं, म्हणजे निदान शरीर रात्रीच्या झोपेला सरावलेलं असेल. पैसे खिशातून, घड्याळाच्या किमतीच्या कितीतरी पट.

त्या रात्रीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण लोक याच गोष्टीला घाबरतात. खोली लॉजसारखी, एसी, कोपऱ्यात अंधारात बघणारा कॅमेरा. टेक्निशियन तिशीच्या आतला पोरगा. त्यानं टेपनं डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, कानापासून कानापर्यंत, आणि लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर खरखरीत जेल चोळून कातडी साफ केली. मग पांढऱ्या लगद्यात बुडवलेली वाटीसारखी छोटी इलेक्ट्रोड, वर कापसाच्या कापडाचा तुकडा. डोळ्यांच्या बाहेरच्या कडांना दोन, हनुवटीला तीन, नडग्यांवर, छातीवर. नाकात नळी, गळ्यावर घोरणं ऐकणारा मायक्रोफोन, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला लाल दिवा. सगळ्या तारा मागे एकत्र बांधून उशाच्या डब्यात.

मी विचारलं, कॉन्टॅक्ट नीट बसलाय हे कसं कळतं? तो म्हणाला, "इम्पीडन्स, म्हणजे कॉन्टॅक्टचा अडथळा, बघतो काका. पाच किलोओहमच्या आत पाहिजे." ऐकून बरं वाटलं. इथं कुणीतरी कॉन्टॅक्ट तपासतंय! बाहेर त्याच्या स्क्रीनवर एक ओळ जाडजूड, फराटा मारल्यासारखी येत होती. मी आत जायच्या आधी बघितली आणि म्हटलं, हा 50 हर्ट्झ आहे. लाइटचा हम. त्यानं चमकून बघितलं, मग कानामागचं एक इलेक्ट्रोड काढून पुन्हा बसवलं, ओळ पातळ झाली. आयुष्यभर 33 हजार व्होल्टच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यातून निघतात काही मायक्रोव्होल्ट. तेवढ्याशा सिग्नलवर माझ्याच धंद्यातली वीज चढून बसली होती.

मग स्पीकरवरून आवाज: डोळे मिटा. उघडा. मान न हलवता वर बघा, खाली बघा. डावीकडे, उजवीकडे. पाच वेळा पापण्या मिटा. घोरल्यासारखा आवाज काढा. डावा पाय हलवा. हे झाल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही. मी घड्याळ दुसऱ्या हातात ठेवायची परवानगी आधीच घेतली होती. झोप लागली कशी ते माहीत नाही, पण लागली. लघवीला उठायचं तर बेल मारायची, तो येऊन डबा सोडवून गळ्यात अडकवतो. तीन वाजता मला वाटलं, पोरगं पलीकडे जागं बसून माझ्या ओळी बघतंय, म्हणजे त्याचीही रात्रपाळीच. सकाळी केसातला लगदा दोन वेळा शिकेकाईनं धुऊनही निघाला नाही.

रिपोर्ट असा: तासाला 24 वेळा श्वास थांबला किंवा अपुरा पडला. पाचपर्यंत ठीक, पंधरा ते तीस मध्यम, त्यावर तीव्र. ऑक्सिजन सर्वांत खाली 81. एकूण झोप पाच तास दहा मिनिटं. त्याच रात्री घड्याळानं लिहिलेली झोप: सहा तास पन्नास. गाढ झोप घड्याळाकडे दीड तास, लॅबकडे अर्धा तासही नाही. ऑक्सिजनचे दात मात्र दोन्हीकडे होते, किती खोल ते वेगळं, जागा साधारण तीच. म्हणजे ज्या आकड्यावर पुतण्या रोज जीव टाकतो, तो एकूण स्कोअर, तो सगळ्यांत कच्चा. आणि जो आलेख उघडून बघायला तीन वेळा स्क्रीन सरकवावी लागते, तो कामाचा. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, काका, नवीन घड्याळांना 2024 साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, स्लीप ॲप्नियाचा (झोपेत श्वास थांबण्याच्या या आजाराचा) इशारा द्यायला परवानगी दिलीय, सॅमसंगला आणि ॲपलला. खरं आहे ते. पण तीही इशाराच देतात, निदान नाही, आणि त्यांची किंमत ऐकून मी विषय बदलला.

सध्या सीपॅप वापरतोय. मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. 1981 साली सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी याचा पहिला प्रयोग छापला, आणि पहिली मशीनं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायची म्हणतात. पहिल्या रात्री मी अर्ध्या तासात मुखवटा काढून फेकला. मग टेक्निशियननं एक माप लहान दिलं, ते बसलं. आता हिची तक्रार अशी की खोली फारच शांत झालीय, तिला झोप येत नाही. तिनं ते घड्याळ एकदा आठवडाभर बांधलं होतं. पाणी पहाटे साडेचारला येतं, तेव्हा ती उठते. घड्याळ तिला रोज सांगायचं, लवकर झोपा. तिनं ते काढून पिशवीत घालून परत दिलं. "नगरपालिकेला बांधा," म्हणाली.

घड्याळ आता त्या आउटसोर्सिंगच्या मुलाकडे आहे. सुट्टीच्या दिवशी घरीच बांधतो, ॲपमध्ये नाव भलतंच टाकलंय. ऑक्सिजनचा आलेख कुठे असतो तेवढं मी त्याला दाखवून दिलंय.

मशीनचं एक मात्र सांगायचं राहिलं. ते विजेवर चालतं, आणि आमच्या गल्लीची लाइट आमच्याच उपकेंद्रातून येते. परवा रात्री फीडर ट्रिप झाला, मुखवट्यातली हवा बंद पडली, मी गुदमरून उठलो आणि उपकेंद्राला फोन लावला. सहकारी म्हणाला, "नाव आणि ग्राहक क्रमांक सांगा." आता इन्व्हर्टर घेतलाय. मशीनचा पाणी गरम करणारा हीटर बंद ठेवला तर बॅटरीवर रात्र निघते, चालू ठेवला तर पहाटेपर्यंतही पुरत नाही.